रंकाळ्याच्या काठानं, पाढे म्हणत

माझ्या हृदयातली मायट्रल झडप कृत्रिम आहे. लहानपणी घसा धरायचा, ताप यायचा आणि मग गुडघे-घोटे सुजायचे. तो सांधेवाताचा ताप होता. सांधे सुधारले, झडप मात्र वर्षागणिक आखडत गेली. दर २१ दिवसांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत मी डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, संसार केला. पन्नाशी जवळ आली तसा फळ्यावर लिहिता लिहिता दम लागायला लागला. रात्री पाठीला उशांची चवड लावून बसून झोपायची वेळ आली. शेवटी ओपन हार्ट झालं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून. झडप दोन पात्यांची, कार्बनची. या जातीच्या झडपा १९७७ पासून माणसांना बसवल्या जातात, आणि एकदा बसवली की रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते.

ऑपरेशन उत्तम झालं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगली आली, टाके भरले. येणारा-जाणारा म्हणायचा, "सुटलात बघा बाई." घरी आल्यावर मला जे व्हायला लागलं, ते मात्र डिस्चार्जच्या कागदावर कुठंच नव्हतं.

आवाज यायचा. रात्री टीव्ही बंद झाला, गल्ली निजली की छातीतून टिक ऐकू यायचं, कुणीतरी अंधारात बॉलपेनचं बटण दाबत बसल्यासारखं. तोंड उघडं राहिलं की आवाज मोठा व्हायचा. न्हाणीघरात तर चारी भिंतींवरून परत यायचा. त्यात माझे ठोके आधीपासूनच अनियमित, एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणून त्या आवाजाला ताल नाही. दोन पटापट, मग थांबा, मग एक, मग परत तीन. त्या थांब्यात माझा जीव टांगलेला असायचा. पुढचा टिक येईपर्यंत मी श्वास धरून ठेवायची, आणि श्वास धरला की छातीत आणखी धडधड व्हायची. घाम फुटायचा. शेजारी हे झोपलेले असायचे, त्यांनाही ऐकू जायचं, पण त्यांना त्याचा धीर वाटायचा. मला वाटायचं, हा यंत्राचा आवाज आहे आणि यंत्र कधीही बंद पडतं.

दिवसा बोटं सारखी मनगटावर. स्वयंपाकघरात उभी राहिले की वाटायचं, आता चक्कर येणार. न्हाणीघराला कडी लावायची भीती. कुणी फोनवर साधं "कशी आहेस?" विचारलं तरी रडू फुटायचं. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं असं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरातल्यांनाही नव्हतं. त्यांनी मायेपोटी एकच धोशा लावला, हलू नको, पडून राहा. मी पडून राहायची आणि पडल्या पडल्या आवाज ऐकायची.

पडून राहण्याचा हा सल्ला एके काळी डॉक्टरही देत, हे मी नंतर वाचलं. हृदयविकाराचा झटका आला की कित्येक आठवडे अंथरुणातून उठू द्यायचे नाहीत. अमेरिकेत लिव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी १९५२ साली आपल्या रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवल्याचा अनुभव छापला, आणि तिथून हळूहळू ही रीत मोडत गेली. आमच्या घरात ती मोडायला आणखी सत्तर वर्षं लागली म्हणायची.

ती मोडली फिजिओथेरपिस्टनं. पोरगी माझ्या मोठ्या मुलीच्या वयाची. तपासणीला गेले तेव्हा तिनं विचारलं, "काकू, दिवसभर काय करता?" मी म्हटलं, आराम. तिनं फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आराम पुरे झाला. चला, चालून दाखवा."

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात तिनं ३० मीटर मोजून दोन्ही टोकांना नारिंगी शंकू ठेवले होते. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, पळायचं नाही, लागलं तर थांबायचं, खुर्ची शेजारीच आहे. घड्याळ मात्र थांबणार नाही. मी निघाले ती भिंतीला हात लावून. दुसऱ्या फेरीत छातीतला टिक वाढला आणि मी तिच्याकडं बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "वाढणारच. चाला." सहा मिनिटांनी २४० मीटर झाले. तिनं माझ्यापुढं एक तक्ता धरला. ६ पासून २० पर्यंत आकडे, प्रत्येकासमोर शब्द. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, ११ हलकं, १३ जरा जड, २० म्हणजे जिवाच्या आकांतानं. मी १५ वर बोट ठेवलं. "घाबरल्याचे त्यातले किती?" तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, पण तो प्रश्न डोक्यात घर करून बसला.

हा तक्ता स्वीडनच्या गुन्नार बोर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं तयार केला. आकड्याला दहानं गुणलं की धडधाकट माणसाच्या नाडीचा साधारण अंदाज येतो, म्हणून तो ६ पासून सुरू होतो. माझ्या बाबतीत हा गुणाकार चालत नाही. ठोके अनियमित, शिवाय ते आवरायला बीटा ब्लॉकरची गोळी, त्यामुळे नाडी काय किंवा मनगटावरचं घड्याळ काय, दोन्ही मला फसवी. म्हणून तिनं सांगितलं, "आकडे बघू नका. बोलता येतंय का ते बघा. बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. एवढा वेग बरोबर." सुरुवातीला ११, अंगवळणी पडल्यावर फार तर १३. त्याच्या वर जायचं नाही.

चालताना एकटीनं बोलायचं काय? मी प्राथमिकची शिक्षिका. मी पाढे निवडले.

आता कोल्हापुरात व्यायाम हा शब्द काढला की लोकांच्या डोळ्यापुढं लाल माती येते. इथं पेठेपेठेत तालीम, आणि खासबाग मैदान तर शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीसाठी बांधलेलं. माझा धाकटा भाऊ गंगावेशीकडं तालमीत जाऊन जोर-बैठका मारून मोठा झाला. घाम निथळल्याशिवाय व्यायाम झाला हे त्याला पटत नाही. पहिल्या दिवशी रंकाळा तळ्यावर तोच माझ्यासोबत आला. एरवी त्याच्या चालीला चाल लावायची तर पळावं लागतं. त्या सकाळी तो माझ्या बाजूनं, खांद्याला खांदा लावून, माझ्याइतकाच सावकाश चालला. मध्येच विचारायचा, "आक्का, कसं वाटालंय? दम लागालाय का?" मी बाराचा पाढा म्हणत होते. बारा चोक अठ्ठेचाळीस, बारा पाचे साठ. एका श्वासात एक ओळ पुरी झाली की वेग ठीक. ओळ मध्येच तुटली की सावकाश. पुढच्या बाकापर्यंत गेलो, बसलो, परत आलो. एवढंच. घरी येऊन मी दुपारी गाढ झोपले, कितीतरी आठवड्यांनी.

सपाट, बाकं असलेली आणि माणसांची वर्दळ असलेली जागा मी मुद्दाम धरली. छातीचं हाड तारांनी शिवलेलं, ते जुळायला तीन महिने जातात. तोवर दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नाही, खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. अशा अवस्थेत कुठंतरी एकटीनं टेकडी चढणं माझ्या मनाला झेपलं नसतं. रंकाळ्यावर सकाळी फुलवाल्या असतात, पद्माराजे उद्यानाकडून येणारे म्हातारे असतात, पाण्यावरचं केंदाळ काढा म्हणून तावातावानं बोलणारे असतात. त्या गोंगाटात माझा टिक बुडून जायचा. घराबाहेर पडण्याचा पहिला फायदा मला तोच झाला, आणि तो कुठल्याही पत्रकात छापलेला नव्हता.

याच्या उलट, मन शांत व्हावं म्हणून जे जे सांगितलं जातं ते मला सोसलं नाही. एका नातेवाइकांनी कपालभाती सुचवली. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. जोरानं श्वास सोडणं नको, कुंभक नको, डोकं खाली पाय वर असं आसन नको. सावकाश अनुलोम-विलोम, तोही श्वास न रोखता, चालेल. ते मी करते. पण शवासन! सगळे म्हणतात शवासनासारखी विश्रांती नाही. मी डोळे मिटून पडले आणि खोलीभर टिक टिक. पाच मिनिटांत उठून बसले, हातापायाला कापरं. ध्यानाचंही तेच. शांतता हीच माझी अडचण होती. हे मी ठळकपणे सांगते, कारण "मन शांत ठेवा, डोळे मिटून बसा" हे ऐकून आणखी घाबरणारी माझ्यासारखी माणसं असतील. त्यांच्यात काही खोट नाही. पाय हलायला लागले की मन हळूहळू मागून येतं, निदान माझं तसं आलं.

ते कसं आलं, ते आमच्या गल्लीच्या चढावर कळलं. रंकाळ्यावरून परतताना घराआधी एक छोटा चढ लागतो. आधी भाऊ रिक्षा करायचा. एके सकाळी मी म्हटलं, आज चालून बघू. अर्ध्यावर टिक वाढला, पटापट पडायला लागला. पाढा तुटला. मी एका दुकानाच्या पायरीवर टेकले. भीती सवयीनं वर आली, आता काहीतरी होणार. पण नुकती चालून आले होते, कारण माझ्या डोळ्यापुढं होतं. चढ होता म्हणून वाढलंय. मी तोंडानं सावकाश फुंकर मारत श्वास सोडला आणि फक्त ऐकत बसले. टिक दाट होते, मग विरळ व्हायला लागले, मग नेहमीच्या वेडावाकड्या चालीवर आले. दोन-तीन मिनिटांचा खेळ. उठून उरलेला चढ चढले.

वाढतं आणि उतरतं. रात्री अंथरुणात धडधड वाढायची तेव्हा ती का वाढली ते कळायचं नाही, आणि उतरेल याची खात्री नसायची. चढावर मी ती स्वतः वाढवत होते आणि बसून उतरवत होते, तेही रोज. ऑपरेशननं माझं हृदय दुरुस्त केलं होतं, पण त्यावरचा माझा भरवसा ऑपरेशननं आला नव्हता. तो त्या चढावर, दुकानाच्या पायरीवर बसून आला. मग रात्री टिक वाढला तरी मी मनात म्हणायची, उतरेल. बहुतेकदा उतरायचा.

आवाजाबद्दलचं एक वाक्य त्या फिजिओच्या पोरीचंच. मी एकदा तिला म्हटलं, हा आवाज कधी जाईल गं? ती दचकली. म्हणाली, "काकू, तो जाऊ नये म्हणून तर सगळं चाललंय. आवाज स्वच्छ येतोय म्हणजे पाती नीट उघडझाप करताहेत. तो कधी दबल्यासारखा वाटला, बदलला, बंद झाला, तर एक मिनिट थांबायचं नाही, थेट दवाखाना." झडपेवर रक्ताची गुठळी धरली तर पाती अडकतात, आणि आवाज मंदावणं ही त्याची एक खूण असते. हे आधी सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. धातूची किंवा कार्बनची झडप बसवलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

सगळं चालण्यानंच भागलं असं मात्र नाही. पावसाळा लागला, कोल्हापूरचा पाऊस तो, दिवस दिवस उसंत नाही, आणि मी परत अंधारात गेले. जेवण जाईना, शाळेचं नाव काढलं तरी पोटात गोळा. तेव्हा मुलीनं टेलि-मानसला, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ ला फोन लावून दिला. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तिथून सुचवल्याप्रमाणं मानसोपचारतज्ज्ञांकडं गेले. त्यांनी गोळी लिहिण्याआधी माझी रक्त पातळ करण्याची गोळी आणि आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, ताजा आकडा बघितला, कारण मनाच्या काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयाच्या डॉक्टरांशीही बोलून घेतलं. मनाची गोळी घ्यावी लागली याची मला लाज वाटत नाही. झडपेला गोळी चालते तर मनाला का चालू नये?

पावसात चालणं घरात आलं. माजघरातून पडवीपर्यंत येरझाऱ्या, आणि खुर्चीत बसून करायचे व्यायाम. ताठ बसायचं, टाचा उचलायच्या, मग चवडे. एक पाय सरळ करून थोडं थांबायचं, खाली. हात खांद्यापर्यंत, पुढं हाड जुळल्यावर डोक्याच्या वर. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं, हा सगळ्यात कठीण. जोर लावताना श्वास सोडायचा, धरायचा कधीच नाही. सुरुवातीची पाच मिनिटं अगदी सावकाश आणि शेवटची पाचही तशीच, एकदम थांबायचं नाही, नाहीतर रक्तदाब उतरून गरगरतं. जेवून लगेच नाही. ताप असेल, पायाला सूज दिसली किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. चालताना छातीत दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला तर तिथल्या तिथं थांबून मदत मागायची.

गोळीमुळं माझं रक्त लवकर गोठत नाही, म्हणून पडण्याची मी सगळ्यात जास्त काळजी घेते. चप्पल नाही, बूट. उजाडल्याशिवाय निघत नाही. उखडलेल्या फरशा आणि भटकी कुत्री कुठं असतात ते पाठ झालंय. पिशवीत एक चिठ्ठी असते, झडप आहे, गोळी अमुक, घरचा नंबर. आणि पालेभाजी रोज साधारण सारखीच, एक दिवस ढीगभर आणि आठवडाभर नाही असं करत नाही, आयएनआर हलतो.

योगाबद्दल माझा वरचा अनुभव वाचून कुणी गैरसमज करून घेऊ नये. भारतातच २४ रुग्णालयांत, हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या ३,९५९ रुग्णांना घेऊन योग-केअर नावाचा मोठा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. योगावर आधारलेला १२ आठवड्यांचा कार्यक्रम केलेल्यांना आपली तब्येत जास्त चांगली वाटली आणि ते आपल्या नेहमीच्या कामांकडं जास्त परतले. पुन्हा झटका येणं किंवा मृत्यू यांत स्पष्ट फरक मात्र त्यात दिसला नाही. मला त्यातला पहिला भाग मोलाचा वाटतो. आपल्या गावात यंत्रं आणि मॉनिटर लावलेलं पुनर्वसन केंद्र नसलं तरी घोंगडीवर बसून, खुर्चीत बसून, तळ्याकाठी चालून काहीतरी करता येतं. फक्त आपापल्या डॉक्टरांना विचारून, कारण माझा वेग दुसऱ्याचा नसतो. झडप अजून अरुंदच असलेल्याला माझा चढ महागात पडेल.

पुढं परत तीच सहा मिनिटांची चाचणी झाली, तोच व्हरांडा, तेच शंकू. ४०० मीटरच्या वर गेले. तक्त्यावर १३ वर बोट ठेवलं. पोरीनं परत विचारलं, घाबरल्याचे किती? मी म्हटलं, एक असेल. तिनं तो आकडा खरंच फाइलमध्ये लिहून ठेवला.

आता शाळेत जाते. वर्ग खालच्या मजल्यावर मागून घेतला. पोरांना माझा टिक माहीत आहे. चौथीतली एक पोरगी परीक्षेच्या वेळी हळूच म्हणाली, "बाई, तुमचं ऐकू येतंय." मी म्हटलं, येऊ दे, तू गणित सोडव. भाऊ अजून रविवारी सोबत येतो आणि मला सतराचा पाढा चुकवायला बघतो. रात्री कधीकधी अजूनही जाग येते, टिक मोजत पडते. मग उठून पडवीत चार येरझाऱ्या घालते आणि परत येऊन झोपते.

येत्या महिन्यात शाळेची सहल पन्हाळ्याला आहे. डॉक्टरांना विचारलंय. गाडी थेट गडावर जाते, अंबरखान्याच्या बाजूला सपाटीवर पोरांबरोबर चालायला हरकत नाही म्हणाले. तीन दरवाजाचा उतार-चढ जमेल तसा, मध्ये बसून. सज्जा कोठीच्या जिन्याशी मी खाली थांबणार, हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलंय. दुसऱ्या बाई पोरांना घेऊन वर जातील.